मागचे हब किती टिकते: परतवाड्यातील एका माउंटन बाइकचे प्रकरण

परतवाड्यात राहणारा एक सौर पंप तंत्रज्ञ अचलपूर आणि चिखलदरा या दोन तालुक्यांत दुरुस्तीची कामे करतो. लांबच्या गावांना तो मोटारसायकलने जातो. पांदण रस्त्यांच्या टोकाला असलेली शेते आणि घाटातल्या आडवाटेच्या वस्त्या यांच्यासाठी मात्र त्याने माउंटन बाइक घेतली, कारण काळ्या चिखलात रुतलेली मोटारसायकल एकट्याने निघत नाही आणि सायकल खांद्यावर घेऊन पुढे जाता येते. या सायकलीचे मागचे हब, म्हणजे मागच्या चाकाचा मधला, एक्सलभोवती (आसाभोवती) फिरणारा भाग, तीन वर्षांच्या आत दोनदा निकामी झाले. दोन्ही वेळचे कारण निराळे होते, आणि पहिल्या बिघाडानंतर केलेली सुधारणा दुसरा बिघाड टाळू शकली नाही. तिसरे हब निवडण्याची वेळ आली तेव्हा तो स्वतः, त्याचे नेहमीचे सायकल मिस्त्री आणि मी असे तिघे एकत्र बसलो. मी फिटर ट्रेड शिकवतो, त्यामुळे दोन्ही वेळचे मोडके भाग मोजमापासाठी माझ्याकडे आले होते आणि चर्चेला काहीतरी हातात धरण्याजोगे होते.

सायकल 27.5 इंची चाकांची, पुढे सस्पेन्शन असलेली, डिस्क ब्रेकची आणि पुढे तीन गिअर असलेली आहे. मागच्या फोर्कमधली जागा 135 मिलिमीटर असून चाक क्विक रिलीजने, म्हणजे पोकळ एक्सलमधून जाणाऱ्या आणि लिव्हरने आवळायच्या दांड्याने बसते. रिमला 36 छिद्रे आहेत. स्वाराचे वजन 78 किलो, मागच्या कॅरिअरवरची अवजारे, मीटर, वायर आणि पाणी मिळून 14 किलो आणि सायकल 15 किलो, म्हणजे एकूण भार 107 किलो होतो. सपाटीवर यातला साठ टक्क्यांच्या आसपास भार मागच्या चाकावर असतो. कॅरिअरवर ओझे असताना आणि चढावर तो आणखी मागे सरकतो.

भूभाग दोन प्रकारचा आहे आणि हबच्या दृष्टीने दोन्ही वाईट, पण वेगवेगळ्या रीतीने. परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे निघाले की गाविलगडच्या डोंगररांगेचा चढ लागतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे. डांबरी रस्ता सोडून वस्त्यांकडे वळले की बसाल्टचे सुटे दगड आणि मुरूम यांच्यावरून सर्वांत हलक्या गिअरमध्ये, अनेकदा पेडलवर उभे राहून चढावे लागते. खाली अचलपूरच्या बाजूला संत्र्याच्या बागा, कपाशी आणि तूर यांच्या मधून जाणारे पांदण रस्ते आहेत. इथली काळी माती बसाल्टच्या झिजेतून तयार झालेली असून तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट गटातली, पाणी शोषून फुगणारी चिकणमाती भरपूर असते. चिकणमातीचा कण दोन मायक्रॉनपेक्षाही लहान असतो, त्यामुळे रबरी सीलच्या ओठाखालून पाण्याबरोबर ती आत शिरते. पाऊस संपून ऑक्टोबरचे ऊन पडले की आत गेलेली हीच माती वाळून घट्ट होते. घाट हबवर जोर टाकतो आणि पांदण त्यात माती भरते, असे या सायकलीच्या वाट्याला आलेले काम आहे.

पहिला बिघाड: तुटलेला एक्सल

सायकलीबरोबर आलेले हब फ्रीव्हीलचे होते. या रचनेत खटक्यांसह (पेडल मारताना चाक पकडणाऱ्या आणि एरवी सोडणाऱ्या स्प्रिंगवरच्या तुकड्यांसह) संपूर्ण सात गिअरचा गठ्ठा हबच्या आट्यांवर फिरवून बसवलेला असतो आणि हबच्या उजव्या बाजूचे बेअरिंग त्या गठ्ठ्याच्या आतल्या अंगाला राहते. परिणामी उजवीकडे एक्सलचा साधारण चार सेंटीमीटर भाग कोणत्याही आधाराविना फ्रेमपर्यंत जातो. स्वाराचा भार, दगडावरून उतरतानाचा धक्का आणि चेनची ओढ या तिन्ही गोष्टी या लांबीवर एक्सलला वाकवत राहतात.

चाक ब्रेक कॅलिपरला घासू लागले म्हणून तो दुकानात गेला. रिमचा आउट (वाकडेपणा) काढूनही घासणे थांबेना, तेव्हा मिस्त्रींनी क्विक रिलीजचा दांडा बाहेर ओढला आणि एक्सलचा उजवा तुकडा त्यांच्या हातात आला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "हे पाय भाऊ, हा काही आज तुटेल नाही. लय दिसांचा तुटेल आहे. तू तुटेल एक्सलवर फिरून रायला होता." क्विक रिलीजचा पाच मिलिमीटरचा दांडा दोन्ही तुकड्यांना एकमेकांवर दाबून धरत असल्याने चाक जागेवर राहिले होते. अशा एक्सलवर घाट उतरणे किती धोक्याचे होते, हे वेगळे सांगायला नको.

तुटलेल्या पृष्ठभागावरून मिस्त्रींचे म्हणणे बरोबर असल्याचे दिसले. निम्म्याहून अधिक भाग काळपट, गंजलेला आणि घासून गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर एकाआड एक कमानदार रेषा होत्या. उरलेला भाग चकचकीत आणि दाणेदार होता. तडा आट्याच्या खाचेत, कोनच्या (एक्सलवरच्या, छर्रे ज्यावर फिरतात त्या शंकूच्या) अगदी लगत सुरू झाला होता आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर थोडा थोडा वाढत गेला होता. एखाद्या मोठ्या खड्ड्याने केलेला हा घात नव्हता. हा थकव्याचा तडा होता.

पहिला उपाय म्हणून मिस्त्रींनी पोकळ एक्सलऐवजी भरीव एक्सल आणि नट लावण्याचे सुचवले. "पोकळ आहे म्हणूनच तुटते" हा समज सायकलच्या दुकानांत सर्वत्र ऐकू येतो, पण हिशेब तसे सांगत नाही. दहा मिलिमीटरच्या, एक मिलिमीटर पिचच्या आट्यांच्या एक्सलचा आट्याच्या मुळाशी व्यास 8.8 मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यात पाच मिलिमीटरचे छिद्र पाडल्याने वाकण्याविरुद्धची ताकद जेमतेम दहा टक्क्यांनी घटते, कारण वाकण्याचा ताण बाहेरच्या थरावर सर्वाधिक असतो आणि मधला गाभा फारसे काम करत नाही. म्हणजे भरीव एक्सलने आयुष्य थोडे वाढले असते, परंतु चार सेंटीमीटरची निराधार लांबी आणि आट्याची खाच या दोन्ही मूळ गोष्टी तशाच राहिल्या असत्या. शिवाय गिअरच्या सायकलीचा भरीव एक्सल परतवाड्यात मिळत नव्हता. साध्या काळ्या सायकलीच्या एक्सलचे आटे निराळे, आणि ते या कोनला लागत नाहीत.

दुसरा बिघाड: चिकटलेले खटके

त्यामुळे त्याने फ्रीव्हीलचा नाद सोडून फ्रीहबचे हब घेतले, आणि दिशा योग्य होती. फ्रीहबमध्ये खटक्यांची यंत्रणा हबचाच भाग असते आणि तिच्यावर, म्हणजे फ्रीहबच्या बॉडीवर, फक्त गिअरची कॅसेट (दातेरी चकत्यांचा गठ्ठा) सरकवून बसवतात. त्याने ऑनलाइन मागवलेले हब अॅल्युमिनियमचे होते. बेअरिंग सीलबंद, फ्रीहबची बॉडीही अॅल्युमिनियमची, आणि जाहिरातीत ठळकपणे लिहिलेले वैशिष्ट्य म्हणजे 72 एंगेजमेंट पॉइंट, म्हणजे एका फेऱ्यात चाक पकडण्याच्या 72 जागा. यात सहा खटके दोन गटांत मागेपुढे ठेवलेले असतात आणि 36 दातांच्या कड्यात एका वेळी तीनच खटके अडकतात. पेडल मारताच चाक पकडते, मध्ये रिकामे फिरत नाही, हा त्याचा फायदा.

पहिला पावसाळा या हबने काढला. पावसाळ्यानंतर फ्रीहब कोरडे वाजू लागले म्हणून एका ठिकाणी ते उघडून त्यात ट्रॅक्टरला वापरतात ते घट्ट ग्रीस भरण्यात आले. डिसेंबरच्या एका सकाळी चिखलदऱ्याकडच्या थंडीत चढावर पेडल एकदम रिकामे फिरले, मग मोठा कडाका झाला आणि त्यानंतर गिअर दोन्ही दिशांना मोकळे फिरू लागले.

हब उघडल्यावर काय दिसले ते थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे, कारण निवडीचा बराचसा निर्णय त्यातूनच झाला. सहापैकी चार खटके आपापल्या खोबणीत आडवे पडून राहिले होते. त्यांच्यामागची पातळ स्प्रिंग शाबूत होती, परंतु वाळलेली काळी माती आणि थंडीने घट्ट झालेले ग्रीस यांचा जो लगदा खोबणीत बसला होता, त्याला ढकलून खटका वर उचलण्याइतका जोर तिच्यात नव्हता. मिस्त्रींनी ते पाहून "कुत्ते चिपकले" एवढाच शेरा मारला; खटक्यांना ते कुत्ते म्हणतात. उरलेल्या दोन खटक्यांपैकी एकाचे टोक उडाले होते आणि कड्याचे लागोपाठचे पाच दात अर्ध्यावर कापले गेले होते.

असे का व्हावे, हे आकड्यांत पाहू. स्वार पेडलवर पूर्ण उभा राहिला तर 78 किलोचा भार म्हणजे सुमारे 764 न्यूटन. क्रँक 170 मिलिमीटरचा असेल तर क्रँकवरचा टॉर्क 130 न्यूटन-मीटर होतो. पुढे 22 आणि मागे 32 दातांचा गिअर असेल तर हबपर्यंत पोहोचणारा टॉर्क त्याच्या जवळजवळ दीडपट, म्हणजे 189 न्यूटन-मीटर होतो. हँडल ओढून मारलेला जोर यात धरलेलाच नाही. शंभर सीसीच्या मोटारसायकलचे इंजिन गिअरबॉक्सपूर्वी आठ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क देते, हे शेजारी ठेवले की सायकलच्या हबमध्ये काय चालते याची कल्पना येते. खटके ज्या कड्यावर अडकतात त्याची त्रिज्या अंदाजे 15 मिलिमीटर धरली, तर दातांवरचा एकूण जोर 12,600 न्यूटन भरतो. तीन खटक्यांनी तो वाटून घेतला तर प्रत्येकावर 4,200 न्यूटन, म्हणजे चारशे किलोहून थोडा अधिक भार येतो. एकट्या खटक्यावर तो सगळा पडला तर सुमारे तेराशे किलो. खटका तुटला यात नवल नाही. तो त्या सकाळपर्यंत टिकला याचे मला अधिक नवल वाटले.

इथे हलक्या गिअरबद्दलची एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. गिअर जितका हलका, तितका पायाला त्रास कमी आणि हबवर टॉर्क अधिक. सपाट रस्त्यावर वेगाने जाणारा तगडा स्वार हबला जेवढा छळत नाही, तेवढा ओझे घेऊन हळूहळू घाट चढणारा मध्यम शक्तीचा स्वार छळतो. त्यामुळे "मी काही शर्यतीत भाग घेत नाही, मला साधे हब पुरेल" हे म्हणणे घाटाच्या बाबतीत उलटे आहे.

जास्त एंगेजमेंट पॉइंटचा हव्यासही या कामाला घातकच ठरतो. त्याच घेराच्या कड्यात दात वाढवले की प्रत्येक दात लहान आणि उथळ होतो, आणि खटका पूर्ण बसण्याआधी थोडीशी माती मध्ये आली तरी तो दाताच्या टोकावर अडकतो. मात्र दातांची संख्या कमी असण्याची किंमतही मोजावी लागते. 24 दातांच्या हबमध्ये जास्तीत जास्त 15 अंशांची रिकामी हालचाल असते, आणि 22-32 च्या गिअरमध्ये ती पेडलवर जवळजवळ 22 अंशांची जाणवते. दगडांतून अर्धे अर्धे पेडल मारत चढणाऱ्याला तेवढी हालचाल खटकते. आपल्या तंत्रज्ञाला ती चालणार होती.

दुसऱ्या हबची आणखी एक खूण होती. कॅसेट काढताना ती हाताने सरकेना, हातोडीच्या दांड्याने ठोकावी लागली. पोलादी गिअरच्या सुट्या पात्यांनी अॅल्युमिनियमच्या बॉडीच्या कंगोऱ्यांत मिलिमीटरभर खोल घरे केली होती. सुटी पाती असलेली साधी कॅसेट आणि हलका गिअर अशी जोडी असेल तर अॅल्युमिनियम बॉडीचे हे ठरलेले आहे. पोलादी बॉडी थोडी जड असते, पण तिच्यावर असे ओरखडे क्वचितच उठतात.

तिसऱ्या हबसाठी समोर असलेले पर्याय

फ्रेमने काही पर्याय आधीच बाद केले होते. आजच्या महाग माउंटन बाइकची हबे 142 किंवा 148 मिलिमीटरच्या, 12 मिलिमीटर जाडीच्या, फ्रेममधून आरपार जाणाऱ्या थ्रू-एक्सलसाठी बनतात आणि ती या 135 मिलिमीटरच्या क्विक रिलीज फ्रेममध्ये बसत नाहीत. अकरा-बारा गिअरच्या कॅसेटसाठी आलेल्या मायक्रो स्प्लाइन किंवा एक्सडी बॉडीचाही उपयोग नव्हता, कारण त्याची कॅसेट आठ गिअरची आणि जुन्या एचजी कंगोऱ्यांची होती, आणि आठ गिअरची चेन व कॅसेट अमरावतीत सहज मिळते. रिम चांगली असल्याने 36 छिद्रांचेच हब हवे होते. डिस्क सहा बोल्टची असल्याने सेंटरलॉक हब (ज्यात डिस्क बोल्टऐवजी मधल्या एकाच कड्याने बसते) घेतले असते तर नवी डिस्क किंवा अडॅप्टर लागला असता. एवढी चाळण लावल्यावर तीन प्रकार उरले.

पहिला प्रकार स्टार रॅचेटचा, ज्यात डीटी स्विस 350 हे सर्वपरिचित हब येते. यात खटके नसतातच. दातेरी तोंडाच्या दोन चकत्या स्प्रिंगने एकमेकींवर दाबलेल्या असतात आणि पेडल मारल्यावर सगळे दात एकाच वेळी अडकतात, त्यामुळे वर काढलेला 12,600 न्यूटनचा जोर एकदोन टोकांवर न पडता सर्व दातांत वाटला जातो. 18, 36 आणि 54 दातांच्या चकत्या मिळतात, टोपी ओढून हब अवजाराशिवाय उघडते आणि आतली माती पुसून दोन मिनिटांत बंद करता येते. तंत्रज्ञाचे मन याच्यावर जडले होते आणि यांत्रिक दृष्ट्या त्याच्याशी वाद घालण्यासारखे काही नव्हते. अडचण किमतीची होती, ती दुसऱ्या पर्यायांच्या कित्येक पट होती, आणि काही बिघडलेच तर प्रत्येक सुटा भाग मुंबई-पुण्याहून मागवावा लागणार होता. कामाची सायकल आठ-दहा दिवस उभी राहणे त्याला परवडत नाही.

दुसरा प्रकार सीलबंद बेअरिंगचा, पोलादी फ्रीहब बॉडीचा आणि मध्यम किमतीचा. सीलबंद बेअरिंगचे मोठे सुख म्हणजे त्यांना जुळवणीची गरज नसते. खराब झाली की काढायची, नवी दाबून बसवायची. मी सुरुवातीला याच बाजूचा होतो. पण बेअरिंगचे क्रमांक पाहिले तेव्हा पेच लक्षात आला. या प्रकारात उजवीकडचे मुख्य बेअरिंग हबच्या खोक्यातच, फ्रीहबच्या आतल्या बाजूला असते. म्हणजे निराधार लांबीचा जुना प्रश्न सुटत नाही, एक्सल जाड करून त्याच्यावर मात केली जाते. चांगल्या हबमध्ये म्हणूनच 15 मिलिमीटर किंवा त्याहून जाड एक्सल असतो, आणि 15 मिलिमीटरच्या एक्सलसाठी 6902 किंवा 6802 अशी पातळ बेअरिंगे लागतात. परतवाड्यातल्या मोटर आणि पंपाच्या दुकानांत 6001, 6201, 6202, 6203 ही बेअरिंगे कधीही मिळतात, पण 6902 विचारल्यावर दुकानदार यादी चाळतो आणि "अमरावतीवरून बोलवावं लागन" म्हणतो. स्थानिक बाजारात मिळणारे 6001 बेअरिंग असलेली हबेही आहेत, परंतु 6001 चे आतले भोक 12 मिलिमीटरचे, म्हणजे एक्सल तेवढाच. अॅल्युमिनियमचा 12 मिलिमीटर एक्सल 107 किलोच्या भाराखाली घाटात किती वर्षे काढील, याची हमी मी स्वतःला देऊ शकलो नाही. जे बेअरिंग मिळते त्यात एक्सल बारीक, आणि ज्यात एक्सल जाड ते बेअरिंग मिळत नाही, असा तो पेच होता.

तिसरा प्रकार छर्रे, कोन आणि वाटी (छर्रे जिच्यात फिरतात ती) यांचा, म्हणजे शिमानो या जपानी कंपनीची डिओर आणि तिच्याखालच्या मालिकेतली हबे. आजकाल याला जुनाट समजतात. शिमानोने फ्रीहबची ही रचना 1970 च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणली आणि तिच्यातली खरी युक्ती अजूनही कमी लोकांच्या ध्यानात येते. उजव्या बेअरिंगची वाटी हबच्या खोक्यात नसून फ्रीहब बॉडीच्या बाहेरच्या टोकाशी असते. त्यामुळे बेअरिंग फ्रेमच्या अगदी जवळ येते, निराधार लांबी सुमारे एक सेंटीमीटरवर उतरते आणि त्याच दहा मिलिमीटरच्या पोलादी एक्सलवरचा वाकवणारा जोर ढोबळमानाने चौथ्या हिश्श्यावर येतो. ज्या कारणाने पहिले हब मोडले होते, त्या कारणाचा बंदोबस्त इथे मुळातच झालेला होता.

सुट्या भागांचा हिशेबही अनपेक्षितपणे याच्या बाजूने झुकला. मागच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला पाव इंची नऊ छर्रे असतात, आणि साध्या काळ्या सायकलीच्या मागच्या हबलाही पाव इंचीच छर्रे लागत असल्याने ते धारणीपासून चांदूर बाजारपर्यंत कोणत्याही दुकानात सुटे मिळतात. उजवी वाटी खराब झाली तर फ्रीहब बॉडी बदलली की नवी वाटी आपोआप मिळते. ही बॉडी दहा मिलिमीटरच्या अॅलन चावीने खोलता येणाऱ्या एका पोकळ बोल्टवर असते. कोनही बदलता येतात, फक्त मागवावे लागतात. ज्याला पर्याय नाही असा एकच भाग उरतो, डावी वाटी. तिच्यात खड्डे पडले की हबचे खोके टाकून द्यावे लागते आणि चाक पुन्हा विणावे लागते.

या प्रकाराचा दोष स्पष्ट आहे. त्याला दुर्लक्ष सोसत नाही. कोन किंचित ढिला राहिला किंवा आत पाणी गेलेले महिनाभर कळले नाही, तर एकाच पावसाळ्यात वाट्या खराब होतात. वर्षभर सायकलला हात न लावणाऱ्या स्वाराला मी हे हब सुचवणार नाही, त्याला सीलबंद बेअरिंगच बरे. हा स्वार मात्र पंपांची बेअरिंगे रोज हाताळणारा आहे. कोनची जुळवणी त्याला एकदा दाखवल्यावर पुन्हा सांगावी लागली नाही. मिस्त्रींनीही छर्ऱ्यांच्या हबला तात्काळ होकार दिला, अर्थात त्यांच्या होकारात माहितीच्या वस्तूबद्दलचा जिव्हाळाही असावा.

जुळवणी

पोलादी बॉडीचे, 36 छिद्रांचे, सहा बोल्टच्या डिस्कचे 135 मिलिमीटरचे हब मागवले. नव्या हबच्या कडांचा व्यास जुन्यापेक्षा वेगळा असल्याने जुने स्पोक दोन-तीन मिलिमीटरने लांब पडले आणि नवे घ्यावे लागले. दोन मिलिमीटर जाडीचे स्पोक तीन क्रॉसमध्ये (प्रत्येक स्पोक दुसऱ्या तीन स्पोकना छेदेल असे) विणले. उजव्या बाजूचे स्पोक उभट असल्याने त्यांचा ताण डावीपेक्षा बराच जास्त ठेवावा लागतो. या विणकामात मिस्त्रींचा हात माझ्यापेक्षा कितीतरी सरस आहे.

हब नवे असले तरी चाकात घालण्यापूर्वी उघडले. कारखान्यातून येणारे ग्रीस पुष्कळदा बेताचे असते आणि कोन गरजेपेक्षा घट्ट असतात. यासाठी कोनला 15 मिलिमीटरचा पातळ पाना आणि चेकनटला (कोन जागेवर घट्ट धरणाऱ्या नटला) 17 मिलिमीटरचा पाना लागतो. जाड पान्याने कोनच्या अरुंद कडा झिजतात आणि मग तो कोन कधीच नीट जुळत नाही, म्हणून हा पातळ पाना आधीच मागवून ठेवला. जुळवणीतली खुबी अशी की, चाक हातात असताना एक्सलला अगदी किंचित खेळ ठेवायचा. क्विक रिलीज आवळल्यावर एक्सल दाबला जातो आणि तेवढा खेळ नाहीसा होतो. हातात असतानाच खेळ पूर्ण काढला, तर फ्रेममध्ये बसल्यावर छर्रे कोनवर रगडले जातात आणि चाक मोकळे फिरत असल्याचा भास होत असतानाच आत खड्डे पडू लागतात.

राखीव म्हणून परतवाड्यातूनच सुटे छर्रे घेतले होते, ते मायक्रोमीटरखाली धरले तेव्हा एक उपयोगी गोष्ट कळली. पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर. एका पुडीतले बहुतेक छर्रे त्या मापाचे होते, पण काही दोन-तीन शतांश मिलिमीटरने मोठे निघाले. एवढासा फरक असलेला एक छर्रा शेजाऱ्यांचा भार एकट्याने उचलतो आणि वाटीत आपली रेघ ओढतो. ते छर्रे बाजूला काढले. जुने आणि नवे छर्रे एकत्र घालायचे नाहीत, हेही तिथेच ठरले.

फ्रीहबच्या खटक्यांसाठी जाड ग्रीस पूर्ण वर्ज्य केले. तिथे दाट तेल किंवा अगदी पातळ ग्रीस वापरायचे, आणि बेअरिंगमध्ये मात्र पाण्याला दाद न देणारे चांगले जाड ग्रीस भरपूर भरायचे, असे दोन वेगळे नियम झाले. बेअरिंगमध्ये जास्त भरलेले ग्रीस सीलमधून थोडे बाहेर येते आणि माती तिथेच अडवते. सायकल धुण्याची पद्धतही बदलली. पूर्वी तो मोटारसायकलबरोबर सायकलही वॉशिंग सेंटरवर नेत असे. तिथल्या दाबाच्या फवाऱ्यापुढे हबचे सील टिकत नाहीत, म्हणून आता बादली आणि ब्रश. लांब उतारानंतर तापलेले चाक लगेच नाल्याच्या पाण्यात घातले तर हबमधली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते, हे समजल्यापासून तो नाल्यापाशी थोडा वेळ थांबतो. ते त्याला आवडतेही, असे तो म्हणतो.

त्यानंतरचा पावसाळा

हब पोळ्याच्या सुमारास एकदा आणि दिवाळीनंतर एकदा उघडायचे ठरले होते. पोळ्याच्या आधी उघडले तेव्हा उजव्या बाजूचे ग्रीस जवळजवळ स्वच्छ होते. डाव्या, म्हणजे डिस्कच्या बाजूचे ग्रीस राखाडी झाले होते आणि बोटांत चोळल्यावर कच लागत होती. डाव्या कोनवर सुईच्या टोकाएवढे दोन खड्डे दिसले. वाटी नितळ होती. नऊच्या नऊ छर्रे बदलले, कोन बदलला आणि बाहेरच्या रबरी सीलवर ग्रीसचा जाड थर दिला. कोन आधीच आणून ठेवलेला असल्याने सायकल दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेली.

दिवाळीनंतर उघडले तेव्हा डावी बाजू ठीक होती, पण फ्रीहब फिरवताना त्यात बारीक किरकिर जाणवली. बॉडी खोलून तिच्या मागच्या फटीतून रॉकेलने धुतली, वाळू दिली आणि दाट तेल सोडले. किरकिर बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. ही बॉडी आतून उघडून खटके दुरुस्त करण्यासारखी नसते, ती सबंध बदलावी लागते, आणि तिची किंमत संपूर्ण हबच्या तुलनेत बरीच कमी असते. तंत्रज्ञाने एक बॉडी आणि डाव्या कोनचा आणखी एक जोड मागवून अवजारांच्या पेटीत ठेवला आहे. सध्याची बॉडी पुढच्या पावसाळ्यापर्यंत चालवायची की उन्हाळ्यातच बदलायची, यावर त्याचे आणि मिस्त्रींचे एकमत झालेले नाही. मिस्त्री म्हणतात की आवाज करते तोवर ती धरते. माझे मत उन्हाळ्यात बदलण्याचे आहे, कारण ती ज्या दिवशी धरणार नाही त्या दिवशी तो बहुधा चढावर पेडलवर उभा असेल.